आयझू-वाकामात्सू : पाडलेल्या किल्ल्याचे नगर

जपानमध्ये किल्ले पुष्कळ ठिकाणी दाखवले जातात. पण मूळ लाकडी मुख्य मनोरा टिकून राहिलेले किल्ले अवघे १२ आहेत. हिमेजी, मात्सुमोतो, हिकोने, मात्सुए ही त्यांतली परिचित नावे. उरलेले बरेचसे मनोरे विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत, सिमेंट-काँक्रीटमध्ये उभारलेले आहेत. बाहेरून पांढऱ्याशुभ्र भिंती आणि वळणदार छपरे, आत शिरताच गुळगुळीत जिने आणि काचेची कपाटे, असे त्यांचे रूप. प्रथमच जाणाऱ्या प्रवाशाचा त्यामुळे थोडा विरस होतो.

ईशान्य जपानमधील फुकुशिमा प्रांतातले आयझू-वाकामात्सू याच वर्गात मोडते. तेथील मनोरा १९६५ मधील आहे. तरीही सामुराईकालीन किल्लेनगर कसे वसत असे, ते कशामुळे भस्मसात झाले आणि पुढच्या पिढ्यांनी त्यातले काय निवडून पुन्हा उभे केले, हे पाहण्यासाठी याच्याइतके बोलके ठिकाण क्वचितच सापडेल. मात्र तेथे जाताना जुने कोणते, नवे कोणते आणि हलवलेले कोणते, याचा हिशेब मनाशी ठेवावा लागतो. पुढील माहिती मुख्यतः त्या हिशेबासाठी आहे.

अशा नगराला जपानी भाषेत ‘जोकामाची’ म्हणतात. शब्दशः अर्थ, किल्ल्याखालची वस्ती. गडकोटांच्या परिचयामुळे मराठी वाचकाचे लक्ष त्यातल्या ‘माची’कडे जाईल, पण ते साम्य केवळ उच्चाराचे आहे. जपानी ‘माची’ म्हणजे नगर किंवा पेठ.

संस्थापक आणि गोव्याचा धागा

या डोंगरवेढ्या खोऱ्यात १३८४ पासून आशिना घराण्याची गढी होती आणि वस्तीचे नाव कुरोकावा होते. १५८९ मध्ये दाते मासामुने या तरुण सरदाराने ती जिंकली. पण दुसऱ्याच वर्षी जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने ती त्याच्याकडून काढून गामो उजिसातो याच्या हवाली केली. उजिसातो ओदा नोबुनागाचा जावई. त्यानेच गावाचे नाव बदलून वाकामात्सू ठेवले आणि १५९३ मध्ये सात मजल्यांचा मनोरा पूर्ण केला. किल्ल्याचे ‘त्सुरुगा-जो’ हे नाव ‘त्सुरु’ म्हणजे क्रौंच पक्ष्यावरून आले असून, त्याचा संबंध उजिसातोच्या बालपणीच्या नावाशी जोडला जातो.

गोव्याच्या वाचकाला या माणसाविषयी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावीशी वाटेल. उजिसातो ख्रिस्ती होता. ताकायामा उकोन या ख्रिस्ती सरदाराच्या प्रभावाने त्याने बाप्तिस्मा घेतला आणि लिओ हे नाव धारण केले. जपानमधील जेझुइट मिशनचा कारभार त्या काळी गोव्यातून चाले. ज्यांचे शव आज जुने गोवे येथील बॉम जेझू बासिलिकेत आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच निघून १५४९ मध्ये कागोशिमाला उतरले होते. रोमला पाठवलेले चार जपानी किशोर युरोपहून परतताना १५८७ मध्ये गोव्यात उतरले होते. उजिसातो स्वतः कधी या बाजूला फिरकला नाही. पण त्याच्यापर्यंत पोहोचलेला धर्म मांडवीच्या काठावरून गेला होता, एवढे निश्चित. पुढच्या शतकात शोगुनशाहीने ख्रिस्ती धर्मावर कठोर बंदी घातली.

उजिसातो चहाविधीचा महान आचार्य सेन नो रिक्यू याचाही शिष्य होता. १५९१ मध्ये हिदेयोशीने रिक्यूला आत्महत्येची आज्ञा दिली, तेव्हा त्याच्या मुलाला, शोआनला, उजिसातोने आयझूत आश्रय दिला. शोआनने बांधल्याचे सांगितले जाणारे ‘रिनकाकु’ हे चहागृह आज किल्ल्याच्या आवारात आहे. किल्ला पाडला गेला त्या काळात एका नगरवासीयाने ते आपल्या घरी हलवून जतन केले आणि १९९० मध्ये ते मूळ जागी परत आले. गवताने शाकारलेल्या या छोट्याशा वास्तूत मात्चा म्हणजे हिरव्या चहाची भुकटी घुसळून केलेले पेय मिळते. मनोरा पाहून झाल्यावर येथे अर्धा तास अवश्य बसावे.

नगराची आखणी

उजिसातोचे खरे काम मनोऱ्यापेक्षा नगराच्या आखणीत दिसते. त्याने बाह्य खंदकाच्या आत सामुराईंची घरे ठेवली आणि व्यापारी, कारागीर यांना खंदकाबाहेर पेठा वसवून दिल्या. खंदकाला १६ दरवाजे होते. आज खंदक बहुतांशी बुजलेला आहे. दरवाजांपैकी केवळ कोकामाची दरवाजाची दगडी भिंत उभी आहे. ती एका साध्या रस्त्याच्या कडेला असल्यामुळे प्रवासी सहसा चुकवतात. तेथे थांबून दोन्ही बाजूंना नजर टाकली की आत रुंद रस्ते आणि मोठे भूखंड, बाहेर अरुंद दर्शनी भागाची आणि मागे लांबच लांब गेलेली दुकाने, हा भेद अजून जाणवतो.

जुन्या भागातील अनेक चौकांत रस्ते सरळ एकमेकांना छेदत नाहीत. एक रस्ता चौकाशी येऊन चार पावले बाजूला सरकतो आणि मग पुढे जातो. शत्रूला सरळ घोडदौड करता येऊ नये आणि दूरवरचे दिसू नये, म्हणून केलेली ही योजना. आजच्या वाहनचालकांना तिचा त्रासच होतो, तरी नगराने ती पुसलेली नाही. आयझूतील जुन्यात जुने काय आहे असे कोणी विचारले, तर मी आधी हे वाकडे चौक दाखवीन.

उजिसातोने आपल्या मूळ प्रांतातून, ओमीहून, लाकडी पात्रे बनवणारे आणि त्यांवर रोगण चढवणारे कारागीर आणवले. उरुशी वृक्षाच्या चिकापासून केलेले हे रोगणकाम आजही आयझूची ओळख आहे. उजिसातो १५९५ मध्ये वारला, पण त्याने आणलेले कारागीर येथेच रुजले.

एक घराणे आणि एक आज्ञापत्र

१६११ च्या भूकंपात सात मजली मनोरा खिळखिळा झाला. पुढे कातो घराण्याने तो उतरवून १६३९ मध्ये पाच छपरांचा मनोरा उभारला. आज दिसते ते त्याचेच रूप. १६४३ मध्ये होशिना मासायुकी येथे आला. दुसऱ्या शोगुनचा हा अनौरस मुलगा, तिसऱ्या शोगुनचा सावत्र भाऊ. त्याला २,३०,००० कोकुंचा प्रदेश मिळाला. कोकु हे तांदळाचे माप; एका प्रौढ माणसाला वर्षभर पुरेल इतका, सुमारे १८० लिटर, तांदूळ. सरदाराची प्रतिष्ठा जमिनीच्या क्षेत्रफळावर मोजली जात नसे, तर या मापात मोजली जाई.

मासायुकी हा सामुराईकालीन जपानमधील फार थोड्या सुजाण राज्यकर्त्यांपैकी एक. १६५५ मध्ये त्याने दुष्काळासाठी धान्यसाठ्याची व्यवस्था सुरू केली. १६५७ च्या भीषण आगीत एदो, म्हणजे आजचे टोकियो, जळाले आणि शोगुनच्या किल्ल्याचा मुख्य मनोराही खाक झाला. तो पुन्हा बांधावा असा विचार चालू असता मासायुकीने विरोध केला. दूरवर पाहण्यापलीकडे त्या मनोऱ्याचा उपयोग नाही, पैसा नगर सावरण्यासाठी खर्च व्हावा, असे त्याचे म्हणणे होते. ते मानले गेले. टोकियोच्या राजवाड्याच्या पूर्व उद्यानात त्या मनोऱ्याचा नुसता दगडी चौथरा आजही दिसतो. मनोऱ्याची निरुपयोगिता इतक्या स्पष्टपणे सांगणाऱ्या या पुरुषाच्या स्वतःच्या नगराने तीन शतकांनी मनोराच पुन्हा उभारावा, हा योग मोठा विलक्षण आहे.

मात्र याच मासायुकीने १६६८ मध्ये वंशजांसाठी १५ कलमांचे आज्ञापत्र लिहून ठेवले. पहिल्या कलमाचा आशय असा, की शोगुनशी अनन्य निष्ठा ठेवावी. जो वंशज तीत कमी पडेल तो आपला वंशज नव्हे आणि सेवकांनी त्याची आज्ञा मानू नये. एका कलमात स्त्रियांचे बोलणे मुळीच ऐकू नये असेही बजावलेले आहे. पहिल्या कलमाने दोनशे वर्षांनी या नगराचा घात केला. आणि ज्यांचे ऐकायचे नव्हते त्या स्त्रियांनी त्या वेळी काय केले, ते पुढे येईलच.

१८६८

१८६२ मध्ये क्योटोत अराजक माजले होते. तेथील सम्राटाच्या आणि शोगुनशाहीच्या रक्षणासाठी सेनाधिकारी नेमायचे ठरले, तेव्हा शोगुनच्या सल्लागारांनी आयझूचा नववा अधिपती मात्सुदाइरा कातामोरी याला गळ घातली. कातामोरी दत्तक आलेला, प्रकृतीने नाजूक आणि वयाने सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. साइगो तानोमो हा त्याचा कारभारी तर हे काम म्हणजे सरपण घेऊन आग विझवायला जाणे आहे, अशा भावनेने विरोधात उभा राहिला. पण पूर्वजाच्या पहिल्या कलमाची आठवण करून दिल्यावर कातामोरीला नकार देता आला नाही. क्योटोत त्याच्या हाताखालच्या पथकांनी चोशू आणि इतर प्रांतांच्या बंडखोरांना निष्ठुरपणे दडपले. सहा वर्षांत पारडे फिरले. शोगुनने सत्ता सोडली, चोशू व सात्सुमा यांचे सैन्य सम्राटाचे सैन्य ठरले आणि सम्राट कोमेईचा विश्वासू असलेला कातामोरी राजद्रोही ठरला. त्याची शरणागतीची विनंती स्वीकारली गेली नाही.

८ ऑक्टोबर १८६८ रोजी नव्या सरकारचे सैन्य नगरात शिरले. वेढा महिनाभर चालला. किल्ल्यात सुमारे ५,००० माणसे होती आणि त्यांत स्त्रिया, मुले, वृद्ध मोठ्या संख्येने होते. आग्नेयेकडील ओदा टेकडीवरून तोफा डागल्या जात. पडलेला गोळा फुटण्यापूर्वी स्त्रिया ओल्या गोधड्या घेऊन धावत आणि त्यावर टाकून तो विझवीत. काहींचा त्यातच अंत झाला. तोफखान्याच्या शिक्षकाची मुलगी यामामोतो याएको हिने केस कापले, पुरुषी वेष केला आणि अमेरिकी बनावटीची स्पेन्सर बंदूक घेऊन तटावर उभी राहिली. पुढे ती क्योटोत दोशिशा विद्यालयाचे संस्थापक निइजिमा जो यांची पत्नी झाली. नाकानो ताकेको ही विशीतली तरुणी किल्ल्याबाहेर स्त्रियांच्या तुकडीसह लांब दांड्याचे पाते घेऊन लढली आणि गोळी लागून पडली. शत्रू नगरात शिरला त्या दिवशी साइगो तानोमोच्या घरात त्याची आई, पत्नी, बहिणी, मुली आणि आप्त अशा २१ जणांनी, किल्ल्यातल्या अन्नाला आपला भार नको म्हणून, जीवन संपवले. ज्याने युद्धाला विरोध केला त्याच्याच घरावर हे ओढवले.

या सगळ्या काळोखात एक प्रसंग मात्र हसू आणणारा आहे. यामाकावा हिरोशी हा सेनानी बाहेरून परतला, तेव्हा किल्ल्याला वेढा पडलेला होता. त्याने एका खेड्यातले सिंहनृत्याचे पथक पुढे घातले आणि बासरी-ढोल वाजवीत आपली तुकडी वेढ्याच्या मधून थेट किल्ल्यात नेली. ही कोणाची वरात आहे, हे शत्रूला उमजेपर्यंत दरवाजा उघडून बंदही झाला होता. वसंतसंपाताला होणारे ते सिंहनृत्य आयझूत आजही पाहायला मिळते.

६ नोव्हेंबरला किल्ल्याने शरणागती पत्करली. पांढरे कापड जखमांच्या पट्ट्यांना संपले होते, म्हणून तुकडे जोडून निशाण शिवावे लागले. शरणागतीच्या विधीसाठी रस्त्यावर लाल बनातीचे जाजम अंथरले होते. विधी उरकल्यावर आयझूच्या सामुराईंनी ते कापून त्याचे तुकडे आपापसांत वाटून घेतले, हा अपमान विसरू नये म्हणून.

इइमोरी टेकडी

नगराच्या पूर्वेकडील इइमोरी टेकडीवर आयझूतली सर्वांत प्रसिद्ध समाधिस्थाने आहेत. आयझूच्या सैन्याची वयोगटांप्रमाणे चार दलांत विभागणी होती आणि दलांना चार दिशांच्या रक्षक प्राण्यांची नावे होती. १६-१७ वर्षांच्या मुलांचे दल ते ‘ब्याक्कोताई’, पांढऱ्या वाघाचे दल. पराभूत होऊन परतलेली त्यातली २० मुले या टेकडीवर पोहोचली. खाली नगर धुराने भरले होते. किल्ला पडला असे समजून त्यांनी आत्महत्या केली, असे परंपरेने सांगितले जाते. किल्ला तेव्हा पडलेला नव्हता; तो आणखी महिनाभर झुंजला. इइनुमा सादाकिची हा एकटा वाचला, पुढे तारखात्यात अभियंता झाला आणि १९३१ मध्ये वारला. त्याच्या आठवणींवर आधारलेल्या नोंदींतून थोडे वेगळे चित्र दिसते. किल्ल्यात परतावे की शत्रूवर तुटून पडावे यावर मुलांमध्ये वाद झाला आणि अखेर, शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा मरण बरे, या निर्णयावर ती आली. गैरसमजापेक्षा हे चित्र अधिक अस्वस्थ करणारे आहे.

समाध्यांजवळ एक रोमन खांब पाहून प्रवासी चकित होतो. तो १९२८ मध्ये इटलीच्या फॅसिस्ट राजवटीच्या काळात रोमकडून भेट आला. नाझी जर्मनीच्या काळातला एक जर्मन शिलालेखही जवळच आहे. मुलांच्या मरणाचा गौरव करायला कोण कोठून येते, हे येथे दगडावरच वाचायला मिळते. मला या टेकडीवर हाच भाग सर्वाधिक बोधक वाटतो, जरी बहुतेक मार्गदर्शक तो दोन वाक्यांत आटोपतात.

टेकडीच्या उतारावर ‘साझाएदो’ हे १७९६ मधील लाकडी मंदिर आहे. उंची सुमारे साडेसोळा मीटर, आकार षट्कोनी. आत पायऱ्या नाहीत; उतरणीचा लाकडी मार्ग वळसे घेत वर जातो, माथ्यावरून दुसऱ्या वळशाने खाली येतो आणि चढणाऱ्याची उतरणाऱ्याशी गाठ पडत नाही. या मार्गावर पूर्वी कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, ३३ मूर्ती होत्या. ३३ तीर्थांची यात्रा एका फेरीत घडावी, ही कल्पना. मेजी काळात बौद्ध आणि शिंतो स्थाने सक्तीने वेगळी केली गेली, तेव्हा त्या मूर्ती येथून गेल्या. वास्तू मात्र अस्सल आहे आणि राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्यांत तिची गणना होते. आयझूत एकच इमारत पाहण्याइतका वेळ असेल, तर मनोरा सोडून ही पाहावी.

काय नवे, काय हलवलेले

तोफांनी चाळण झालेला मनोरा १८७४ मध्ये पाडण्यात आला. आज ज्या चौथऱ्यावर काँक्रीटचा मनोरा उभा आहे, तो चौथरा मात्र उजिसातोच्या काळचा. न घडवलेले दगड एकमेकांत बसवून रचलेला. तळाशी, त्याच्या गारव्यात, पूर्वी मीठ साठवीत. ती जागा आत शिरताना पाहता येते. बाह्यरूप जुन्या छायाचित्रांवरून घेतले आहे. आतल्या मजल्यांवर संग्रहालय असून २०२३ मध्ये त्याची नव्याने मांडणी झाली.

छपराची कौले लाल आहेत. जपानमधील इतर किल्ल्यांची कौले काळी-करडी असतात. आयझूच्या कडाक्याच्या थंडीत साधी कौले मुरलेल्या पाण्याचे बर्फ होऊन तडकत. लोहयुक्त लेप देऊन भाजलेली कौले टिकत, म्हणून होशिनांच्या काळात ती वापरात आली. १९६५ मध्ये काळी कौले घातली होती; संशोधनानंतर २०११ मध्ये ती उतरवून लाल घालण्यात आली. मनोऱ्याला जोडून असलेली लांब पडवी आणि कोपऱ्यावरचा ‘होशिई’ बुरूज २००१ मध्ये जुन्या पद्धतीने लाकडात बांधून पूर्ण झाला. होशिई म्हणजे शिजवून वाळवलेला भात. वेढ्याच्या काळातली ती शिदोरी या बुरुजात साठवीत. काँक्रीटच्या मनोऱ्यातून या लाकडी भागात पाऊल टाकले की पायाखालचा आवाजच बदलतो. ३६ वर्षांच्या अंतराने पुनर्बांधणीविषयीची जपानी दृष्टी किती बदलली, ते या एका उंबरठ्यावर समजते.

निश्शिनकान ही सामुराई मुलांची शाळा १८०३ मध्ये सुरू झाली. मुले दहाव्या वर्षी तेथे दाखल होत. ग्रंथाध्ययन, धनुर्विद्या, वैद्यक, खगोल यांबरोबर पोहण्यासाठी तलावही होता. १८६८ मध्ये ती जळाली. १९८७ मध्ये तिची भव्य प्रतिकृती झाली, पण नगराबाहेर काही किलोमीटरवर. मूळ जागी, किल्ल्याच्या पश्चिमेस, वेधशाळेचा दगडी ओटा तेवढा घरांच्या गर्दीत उरला आहे. शाळेत जाण्यापूर्वी सहा ते नऊ वर्षांची मुले गटाने जमून सात नियम म्हणत: वडीलधाऱ्यांचा अवमान करू नये, खोटे बोलू नये, दुबळ्याला छळू नये इत्यादी. शेवटी, जे करू नये ते करू नयेच, असे निक्षून सांगितले जाई. घराबाहेर स्त्रियांशी बोलू नये, हाही सातांतला एक नियम होता. आजच्या नगरात हे शेवटचे निक्षून सांगणे फलकांवर आणि भेटवस्तूंवर सर्वत्र दिसते. स्त्रियांविषयीचा नियम मात्र फलकांवर येत नाही.

साइगो तानोमोच्या वाड्याचीही ३८ दालनांची प्रतिकृती पूर्वेकडे, हिगाशियामाच्या उष्ण झऱ्यांच्या वाटेवर आहे. तेथे पुतळ्यांनी कुटुंबाच्या अंताचे दृश्य मांडले आहे. लहान मुले बरोबर असल्यास हे आधी जाणून घ्यावे.

किल्ल्यातील मूळ इमारतीपैकी एकच उभी आहे आणि ती किल्ल्यात नाही. ‘ओसान्गाई’ हा तीन मजली लहानसा वाडा १८७० मध्ये नानुकामाची रस्त्यावरील अमिदा मंदिराच्या आवारात हलवला गेला. त्याच आवारात युद्धात पडलेल्या सुमारे १,३०० आयझूवासीयांचे समाधिस्थान आहे. विजेत्यांनी आयझूच्या मृतांना सहा महिने दफनाविना कुजू दिले, ही गोष्ट नगरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. २०१७ मध्ये एका जुन्या हिशेबवहीची माहिती प्रसिद्ध झाली. शरणागतीनंतर थोड्याच दिवसांत ५६७ मृतदेह ६४ ठिकाणी पुरल्याच्या नोंदी तीत आहेत. दीडशे वर्षे जपलेला राग एका खर्चाच्या वहीने सैल व्हावा, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ. पण आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच हे स्थान पाहावे लागते.

युद्धानंतरचे युद्ध

पराभूत घराण्याला उत्तरेच्या टोकाला, तोनामी येथे, ३०,००० कोकुंच्या नापीक प्रदेशात धाडण्यात आले. अनेक कुटुंबे उपासमारीत संपली. तरी वेढ्यात ओल्या गोधड्या घेऊन धावणाऱ्यांतली आठ वर्षांची यामाकावा सुतेमात्सु १८७१ मध्ये अमेरिकेस गेली आणि १८८२ मध्ये व्हासार महाविद्यालयाची पदवीधर झाली. तिचा भाऊ केन्जिरो टोकियो इम्पीरियल विद्यापीठाचा कुलगुरू झाला. १९२८ मध्ये कातामोरीची नात सेत्सुको सम्राटाच्या धाकट्या भावाची वधू झाली. राजद्रोहाचा शिक्का पुसला गेला, असे आयझूने तेव्हा मानले.

चोशूशी समेट मात्र अजून अपुरा आहे. चोशूची जुनी राजधानी हागी हेही आज सुंदर जतन केलेले किल्लेनगर. १९८६ मध्ये हागीने मैत्रीचा हात पुढे केला; आयझूने नम्रपणे नकार दिला. २०११ च्या भूकंप आणि सुनामीनंतर हागीने मदत पाठवली आणि आयझूच्या महापौरांनी तेथे जाऊन आभार मानले.

त्या आपत्तीचा आयझूला वेगळाच फटका बसला. अणुप्रकल्प सुमारे १०० किलोमीटर दूर, मध्ये डोंगर. तरी प्रांताचे नाव फुकुशिमा असल्यामुळे शाळांच्या सहली आटल्या. अणुप्रकल्पालगतच्या ओकुमा गावाची नगरपालिकाच कित्येक वर्षे या नगरात आश्रयाला होती. निर्वासित होण्याचा अनुभव असलेल्या नगराने निर्वासितांना जागा दिली. २०१३ मध्ये याएकोच्या जीवनावरील दूरचित्रवाणी मालिका जपानभर पाहिली गेली आणि प्रवासी परतू लागले.

जाण्यापूर्वी

टोकियोहून तोहोकू शिंकान्सेनने कोरियामापर्यंत सुमारे ८० मिनिटे, तेथून बान-एत्सु पश्चिम मार्गाच्या गाडीने आणखी सव्वा तास. या दुसऱ्या टप्प्यात उजवीकडे बान्दाई पर्वत दिसतो. १८८८ च्या स्फोटात त्याचा माथा उडाला होता. स्थानक किल्ल्यापासून तीनेक किलोमीटरवर आहे. किल्ला, इइमोरी टेकडी आणि वाडा यांना जोडणारी फेरीची बस सोयीची पडते. एक दिवस नगरासाठी अपुरा आहे, दोन पुरतात. तिसरा मिळाला तर दक्षिणेकडील ओउची-जुकु हे गवती छपरांचे जुने मुक्कामाचे गाव पाहावे.

एप्रिलच्या उत्तरार्धात किल्ल्याच्या खंदकाभोवती चेरी फुलते, सप्टेंबरच्या अखेरीस आयझू उत्सवात ऐतिहासिक मिरवणूक निघते, फेब्रुवारीत बर्फात रंगीत चित्रांच्या मेणबत्त्या लावतात. हिवाळ्यात हिम भरपूर पडते. पादत्राणे त्या बेताची हवीत.

जेवणात कोझुयु मागावे. गाजर, अरवी, काळी अळंबी घातलेला हा निवळ रस्सा लाल रोगणाच्या उथळ वाडग्यात येतो. तो वाळवलेल्या शिंपल्यांच्या गाभ्यावर शिजवतात, हे शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावे. समुद्र दूर असल्यामुळे आयझूत मासळी येई ती वाळवूनच. वाळवलेला हेरिंग मासा सान्शोच्या पानांसह शिरक्यात मुरवतात आणि त्यासाठी खास मातीची चौकोनी पेटी वापरतात. पुरुमेंताची सुकी मासळी जपून ठेवणाऱ्या गोमंतकीयाला ही चव परकी वाटणार नाही. नानुकामाचीवर जुन्या वखारी आणि पेढ्या दुरुस्त करून तेथे भोजनगृहे, रोगणकामाची आणि तांदळाच्या मद्याची दुकाने थाटली आहेत.

विकत घेण्याजोग्या वस्तूंत मान हलवणारी लाल गाय, ‘अकाबेको’, प्रसिद्ध आहे. त्याहून स्वस्त आणि खिशात मावणारी ‘ओकिआगारी-कोबोशी’, म्हणजे आडवी केली तरी उठून बसणारी कागदी लगद्याची बोटभर बाहुली. १० जानेवारीला भरणाऱ्या वर्षाच्या पहिल्या बाजारात आयझूची कुटुंबे ती घेतात. प्रथा उजिसातोच्या काळापासूनची मानली जाते. दुकानदार बाहुल्या फळीवर एकदम फेकतो आणि ज्या आपसूक उठून उभ्या राहतात त्या गिऱ्हाईक वेचून घेते. घरात जितकी माणसे, त्यांहून एक अधिक.